सबनीसबाई आणि जटामांसी

माणसाच्या डोक्यात शांतता कशी उतरते, याचा शोध घेण्यात उमेदीची वर्षं घातलेल्या डॉ. कुमुद सबनीस यांच्याइतकी अशांत बाई मी दुसरी पाहिलेली नाही. लिफ्टचं बटण एकदा दाबून त्यांचं कधी समाधान झालं नाही. खुर्चीत बसल्या की उजवा पाय हलायला लागायचा. आपण बोलायला लागलो की आपलं वाक्य त्याच पुरं करायच्या, बहुतेक वेळा चुकीचं. आणि ही बाई दिवसभर दुसऱ्यांना सांगायची, "जबडा सोडा."

माझी त्यांची ओळख यंत्र बिघडल्यामुळे झाली. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी असेपर्यंत राहायच्या परवान्यावर, सिंगापूरला आलेला इंजिनिअर, आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमधल्या एका लहानशा कंपनीत. आमचं काम प्रयोगशाळांची यंत्रं दुरुस्त करण्याचं. बुओना व्हिस्टाजवळच्या एका प्रयोगशाळेतून फोन आला की ईईजीचं मशीन काहीच्या बाही लिहितंय. ईईजी म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेचा आलेख काढणारं यंत्र. ते मशीन सरकत्या कागदावर शाईच्या बारीक पेनांनी लिहायचं आणि खोलीभर त्या पेनांची खरखर चालायची. मी पोचलो तर दारातच सुती साडीवर पांढरा कोट चढवलेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या बाई उभ्या. माझं आडनाव ऐकल्याबरोबर त्यांनी मराठीत विचारलं की हे दुरुस्त होणार आहे, की नुसतं उघडून पुन्हा बंद करणार आहात.

तासाभरात मी ते दुरुस्त केलं. तपासायला एक डोकं हवं होतं, तर बाई स्वतःच पलंगावर आडव्या झाल्या. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला दहाएक लाटा उठतात, एकसारख्या, ओळीने. काळजीत असेल तर त्या बारीक आणि दाट होतात. झोपेकडे झुकला की लांब आणि संथ. एवढं सगळं त्यांनी मला पडल्या पडल्या समजावून सांगितलं, म्हणजे त्या स्वस्थ पडल्याच नव्हत्या. पेनांनी कागदावर गवत उगवल्यासारखं लिहून ठेवलं. "अजून बिघडलेलंच आहे," त्या म्हणाल्या. मग मी त्याच तारा माझ्या डोक्याला लावून घेतल्या, डोळे मिटले, आणि मिनिटभरात सुरेख, एकसारख्या लाटा यायला लागल्या. बाईंनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि शेरा दिला, "तुमच्या डोक्यात काहीच नसतं वाटतं." त्या दिवसापासून मशीनचं पेन अडलं तरी मला फोन यायचा.

जटामांसीचं वेड त्यांना नवऱ्यापायी लागलं. सबनीस बोटीवर इंजिनिअर. वर्षातले आठ महिने इंजिनाच्या धडधडीत झोपायची सवय झालेली, त्यामुळे हौगांगच्या शांत फ्लॅटमध्ये सुट्टीवर आले की त्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे. बाईंच्या आईने कधीतरी जटामांसीची मुळी उगाळून द्यायला सांगितलं होतं. हिमालयातली वनस्पती, मुळी केसाळ, वास ओल्या मातीत जुनं अत्तर सांडल्यासारखा. सबनीस त्याने झोपले. दुसरी एखादी बायको तेवढ्यावर समाधान मानून गप्प बसली असती. बाईंना प्रश्न पडला की हे नक्की काय करतं, आणि कुठे. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञाकडून त्यांनी मुळीतली शांतवणारी द्रव्यं वेगळी करून घेतली, ती कॅप्सूलमध्ये भरली, आणि जाग्या माणसाच्या मेंदूच्या लाटा त्याने बदलतात का हे पाहायचा प्रयोग मांडला.

प्रयोगाला माणसं हवी होती. विद्यापीठातली मुलं आली, पण ती कॉफीवर जगणारी आणि परीक्षेने पिचलेली. मग बाईंनी मोर्चा आपल्या लोकांकडे वळवला. बोटीवरच्या इंजिनिअरांच्या बायका, आयटीतले नवरे, माझी बायको रेखा, अशी वीस-बावीस मराठी डोकी त्यांनी घरोघर फिरून जमवली. प्रत्येकाने तीन आठवडे रोज एक कॅप्सूल घ्यायची आणि आधी व नंतर शनिवारी दुपारी येऊन आलेख काढून घ्यायचा. काहींच्या कॅप्सूलमध्ये जटामांसी, काहींच्यात नुसतं पीठ. कोणाला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं, आणि ती यादी विभागाच्या प्रोफेसरांच्या कपाटात लाखबंद लिफाफ्यात. बाईंनाही ठाऊक नाही.

अशा शनिवारी त्यांचा दरारा पाहण्यासारखा असे. सकाळपासून चहा नाही. केस आदल्या दिवशी शाम्पूने धुतलेले हवेत, कारण तेलकट डोक्याला तारा चिकटत नाहीत. एकदा एक बाई वेणीला चोपडून तेल लावून आल्या, तर त्यांना प्रयोगशाळेच्या बेसिनवर वाकवून बाईंनी स्वतः त्यांचं डोकं धुतलं. मग पलंगावर झोपवून तेच. जबडा सोडा. दात आवळले की स्नायूंची वीज मेंदूच्या विजेत मिसळते आणि आलेख फुकट जातो. "माणूस तोंडाने काहीही सांगू दे, खरं काय ते जबड्याला विचारावं," असं त्या म्हणायच्या. मला तर त्यांनी एकदा हॉकर सेंटरच्या खाण्याच्या ठेल्यांपाशी, आमच्या मॅनेजरच्या नावाने मी बोटं मोडत असताना, सूप पिता पिता जबडा सोडायला लावला होता.

एवढी कडक बाई, पण शेवटी मराठी घरातली. आलेख झाला, तारा निघाल्या, की सवाष्णीला कपाळाला कुंकू लावल्याशिवाय आणि हातात काही दिल्याशिवाय पाठवायचं नाही. लोक आपला शनिवार फुकट देतात याचं त्यांना फार ओझं वाटायचं. पुरुषांना बेसनाच्या लाडवांचा डबा. बायकांना घरी उकळलेल्या तेलाची बाटली, आणि संपली की दुसरी. आईच्या हातचं तेल होतं ते, माका, ब्राह्मी, नागरमोथा घालून कढवलेलं. रेखा त्या तेलावर इतकी खूश होती की पहिल्या आठवड्यात तिने माझ्याही डोक्याला चोळलं. मला ते आवडलं नाही. मी तसा तेलाचा माणूस नाही.

प्रयोग संपत आला तसा बाईंचा पाय जास्तच हलायला लागला. त्याला कारण होतं. त्यांचा तीन वर्षांचा करार ऑगस्टअखेर संपत होता, आणि प्रोफेसरांनी स्पष्ट सांगितलं होतं की या प्रयोगातून काही निघालं तर करार वाढेल, नाही तर नाही. करार गेला की पास गेला. पास गेला की त्यांची सोळा वर्षांची मुक्ता, जिची ओ लेव्हलची, म्हणजे तिकडची दहावीची, परीक्षा वर्षाच्या शेवटी होती, तीही ऐन अभ्यासातून उठून निघणार. बाई हे सगळं एका दमात सांगायच्या आणि वर म्हणायच्या, काळजी करण्यासारखं काही नाही.

गुरुवारी लिफाफा उघडला. दुपारी मला ऑफिसात फोन आला. बाई म्हणाल्या, "निघालं हो." खऱ्या कॅप्सूलवाल्यांच्या लाटा तीन आठवड्यांत संथ आणि भरीव झाल्या होत्या, पिठावाल्यांच्या जशाच्या तशा. बघणाऱ्याला चष्मा न लावता दिसावं इतका फरक. चिठ्ठ्यांच्या नशिबाने खऱ्या कॅप्सूल बहुतेक बायकांच्या वाट्याला आल्या होत्या आणि पीठ बहुतेक पुरुषांच्या. हे काही आदर्श नव्हतं, पण चिठ्ठीपुढे कोणाचं चालतं? प्रोफेसरांनी हात मिळवला. सोमवारी सगळ्या विभागापुढे बाईंनी निकाल मांडायचा, आणि त्याच आठवड्यात कराराचं पत्र. मला खरंच आनंद झाला. मी रेखाला फोन करून सांगितलं, की तुझं डोकं विज्ञानाच्या कामी आलं.

शनिवारी दुपारी मी मशीन साफ करायला गेलो. सोमवारी त्याचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. बाईंनी लोकांना दाखवायला म्हणून एक खरी कॅप्सूल फोडून तिची पूड काचेच्या बशीत ठेवली होती. मी पेनं धुऊन तिथे बसलो, आणि तो वास नाकात गेला.

इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणी मी तोंड मिटून का बसलो नाही, याचा मला अजून राग येतो. मी आपला गमतीने म्हणालो, "बाई, हा वास तर रोज माझ्या उशीला येतो. रेखाच्या केसांचा."

त्यांचा हात बशीवर तसाच राहिला. हलणारा पाय थांबला. मला वाटलं, काही ऐकूच आलं नाही.

"त्या तेलात जटामांसी आहे," त्या म्हणाल्या. अगदी सावकाश, जणू दुसऱ्याच कोणी त्यांना हे सांगितलं होतं.

पुण्याच्या काष्ठौषधीच्या दुकानातून एकाच पार्सलमध्ये दोन पुडे यायचे. एक रसायनतज्ज्ञाकडे जायचा, दुसरा हौगांगच्या स्वयंपाकघरातल्या डब्यात. दोन्ही पुडे त्याच उघडायच्या. पण एक औषध होतं आणि दुसरं आईचं तेल होतं, आणि तेलाला कोणी औषध म्हणत नाही. तीस वर्षं जी वस्तू हाताला सवयीची झाली, तिच्याकडे त्यांनी शास्त्रज्ञ म्हणून एकदाही पाहिलं नव्हतं. आता त्यांनी यादी काढली आणि बोट एकेका नावावरून खाली नेलं. बायका, खरी कॅप्सूल. बायका, तेल. पुरुष, पीठ आणि लाडू. अपवाद दोन-तीनच, त्यांच्यावरून काही ठरणार नव्हतं. लाटा कॅप्सूलने बदलल्या, की तीन आठवडे रात्रंदिवस डोक्यात मुरणाऱ्या त्या तेलाने, की त्याच्या वासाने, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मी म्हणालो की डोक्याला चोळलेल्या तेलाने कोणाचा मेंदू बदलतो का? त्या म्हणाल्या, माहीत नाही. मी म्हणालो, मग? त्या म्हणाल्या, मग काय, माहीत नाही हेच. एवढं बोलून त्यांनी बशी कागदाने झाकली आणि मला घरी जायला सांगितलं.

रविवारी सकाळी मला राहवेना. मी हौगांगला गेलो. दाराची जाळी मुक्ताने उघडली. ती हळूच म्हणाली, "अंकल, मा कालपासून जेवली नाही." बाई जेवणाच्या टेबलाशी कागद पसरून बसल्या होत्या आणि सोमवारचं भाषण लिहीत होत्या. पहिल्याच कागदावर तेलात काय काय घातलं होतं त्याची यादी. मी जे सांगायला आलो होतो ते सांगून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे फक्त दोघांना ठाऊक आहे. करार होऊ द्या, पास होऊ द्या, मुलीची परीक्षा होऊ द्या, मग पुढच्या वर्षी तेलाशिवाय पुन्हा करा. हात दाखवून अवलक्षण कशाला? मी बराच वेळ बोललो आणि बाईंनी, जन्मात पहिल्यांदा, माझं एकही वाक्य मध्ये तोडलं नाही.

मग मला राग आला. मी मुक्ताकडे पाहून म्हणालो, "निदान हिला तरी विचारा."

मुक्ता भिंतीला टेकून उभी होती. तिने आईकडे पाहिलंही नाही. "नो नीड टु आस्क मी लाह," ती म्हणाली. "शी ऑलरेडी डिसायडेड." आणि आपल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. ते मला जास्त लागलं.

बाई त्या दाराकडे बघत राहिल्या. त्यांचे दात आवळलेले मला दिसत होते. "मी या लोकांना सांगितलंय की कॅप्सूलने झालं," त्या म्हणाल्या. "उद्या कोणीतरी ते वाचून पुढचं काम करेल. आणखी कोणी ते औषध म्हणून घेईल. माझ्या पोरीचं वर्ष वाचावं म्हणून मी त्यांना खोटं कसं देऊ?" याला उत्तर होतं, असं मला आजही वाटतं.

सोमवारी मी मशीनपाशी उभा होतो, म्हणून सगळं पाहिलं. बाईंनी आधी निकाल दाखवला. लोक खुर्चीत पुढे सरकले, प्रोफेसर मान डोलवत होते. मग त्यांनी तेलाची बाटली टेबलावर ठेवली आणि सांगितलं की हा निकाल धरू नका, आणि का धरू नका. मागे कोणीतरी हसलं. तेल कशासाठी दिलं, असं एकाने विचारलं, तेव्हा बाईंना इंग्रजीत ते नीट सांगता येईना. पाहुणीला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं, एवढंच त्या दोनदा म्हणाल्या. प्रोफेसर भले गृहस्थ होते. ते रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, हे तुम्ही आधी माझ्या खोलीत येऊन सांगायला हवं होतं. बाई म्हणाल्या, "मग तुम्ही मला थांबवलं असतंत."

करार वाढला नाही. सबनीसांनी कुठल्याशा बंदरावरून फोन केला, आणि तू केलंस ते बरोबर, असं म्हणाले म्हणे. बोटीवरून बरोबर म्हणायला काय जातं, असं मी रेखाला म्हटलं. मुक्ताचं वर्ष गेलं. पुण्यात मावशीकडे राहून तिला नव्या बोर्डात, नव्या पुस्तकांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. बाईंनी तत्त्व पाळलं आणि फी पोरीने भरली, असं मी त्या दिवसांत उघड बोलत असे, आणि ते त्यांच्या कानावरही गेलं असणार.

पण ऑगस्टअखेरपर्यंत सहा आठवडे होते, आणि खऱ्या कॅप्सूल उरल्या होत्या. बाई पुन्हा घरोघर फिरल्या. ज्या बायकांना खरी कॅप्सूल होती त्यांच्यासमोर बसून त्यांनी आपली चूक सांगितली, माफी मागितली, आणि विचारलं की आणखी तीन आठवडे घ्याल का, पण तेलाचा थेंबही न लावता. बहुतेकींनी नाही म्हटलं. निकाल नाही, करार नाही, मग आता कशाला? पाच जणी तयार झाल्या. रेखा त्यात होती. तिने घरातली बाटली माझ्या हाताने बाईंकडे परत पाठवली आणि उशांचे अभ्रे दोनदा धुतले. प्रोफेसरांनी एका शनिवारपुरती खोली दिली, आणि मशीन चालवायला मी सुट्टी घेऊन गेलो.

त्या दुपारी बाईंनी कोणाला जबडा सोडा म्हटलं नाही. त्या आलेखाच्या कागदाकडे पाठ करून उभ्या होत्या. तेलाशिवाय लाटा पुन्हा पहिल्यासारख्या बारीक झालेल्या दिसल्या असत्या, तर निदान कबूल करून चूक केली नाही एवढं तरी ठरलं असतं, आणि मला मनातून तेच हवं होतं. पहिल्या चौघींचे कागद मी एकावर एक ठेवले. शेवटी रेखा झोपली. पेनं खरखरायला लागली आणि कागदावर त्याच लाटा यायला लागल्या, संथ, भरीव, एकसारख्या. पाचही जणींच्या तशाच होत्या.

तेलाचा काही संबंध नव्हता. पहिला निकाल खराच होता.

मी मशीन बंद केलं. मी म्हणालो, "म्हणजे तुम्ही गप्प बसला असतात तरी खोटं ठरला नसतात. सगळं फुकट घालवलंत."

बाईंनी कागद हातात घेतला आणि घड्या उलगडत शेवटपर्यंत पाहिला. मग त्या म्हणाल्या, पाच बायकांवरून काही सिद्ध होत नाही, अजून पुष्कळ लोकांवर करून पाहायला हवं. आणि जरा थांबून, "त्या सोमवारी मला हे माहीत नव्हतं ना हो." असं म्हणताना त्या हसत होत्या. नोकरी गेलेली, पोर बोलत नाही, सामान बांधलेलं, आणि ही बाई एखाद्या पहिलटकरणीसारखी हसत होती. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं भरून आलं, की मी पेनं पुसायला लागलो.

प्रोफेसरांना त्यांनी ते पाच कागद दाखवले. ते म्हणाले, आशादायक आहे, पण जागा दुसऱ्याला दिली.

दोन दिवसांनी त्या निघाल्या. त्याच्या आदल्या दुपारी प्रयोगशाळेतून त्यांचं शेवटचं सामान उचलायला मी गेलो होतो. बुओना व्हिस्टा स्टेशनवर त्यांना गाडीत बसवलं. खोकी माझ्याकडे राहिली, पण त्या पाच आलेखांचा गठ्ठा त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला होता. बसल्या बसल्या त्यांनी तो उघडला. ते कागद घड्यांचे, लांबच लांब. एक टोक निसटलं आणि घडीमागून घडी सुटत सगळा आलेख डब्याच्या फरशीवर पसरला. समोर बसलेल्या एका चिनी आजीबाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि ते दुसरं टोक उचलून धरलं. बाई तिला बोटाने लाटा दाखवत काहीतरी सांगू लागल्या. आजीबाई मान डोलवत होत्या. दारं बंद होत असल्याची सूचना झाली, मी हात वर केला, पण बाईंनी वर पाहिलं नाही.